आईंच्या वजनाची वाळू

बाईमाणसाला वजन विचारू नये, हे आमच्या ह्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलं नव्हतं. आणि विचारलं कुणाला, तर स्वतःच्या आईला. तेही दारात उभं राहून, हातात मापाची टेप घेऊन, एखाद्या गेटची रुंदी विचारावी तसं.

"आई, तुझं वजन किती गं?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी सावकाश मान वळवली. "का रे? भंगारात घालायचंय का मला? आज भाव काय चाललाय?"

मी शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाच्या सोफ्याची खोळ शिवत होते. मला हसू आवरेना. आमचं दोघींचं सख्य तसं विळ्या-भोपळ्याचं. मिठापासून पडद्यांपर्यंत असा एक विषय नव्हता ज्यावर आम्ही भांडलो नाही. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि माझ्या तरी कुठे होतं! पण ह्यांची टर उडवायची असली की आमची एकी व्हायची. "सांगा हो आई," मी म्हटलं, "रद्दीवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देतील."

ह्यांना विनोद कळत नाही असं नाही, पण कामात असले की कळत नाही. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "साइडकारला लागेल."

झालं होतं असं, की आदल्या वर्षी आईंच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागल्या, पण बाहेर जाणं संपलं. रिक्षात पाय वर घेता येईना आणि बंद मोटारीत बसल्या की पाच मिनिटांत जीव गुदमरून उलटी. दवाखान्यात नेऊन आणणं म्हणजे दोन दिवसांचं आजारपण. सासरे होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून धरणाच्या भिंतीपर्यंत न्यायचे. तिथे दोघं कठड्यावर बसायचे, भांडायचे आणि परत यायचे. आता त्या दिवसभर खिडकीशी. "वारा लागत नाही गं अंगाला," म्हणायच्या. "झाकण लावलेल्या डब्यात ठेवल्यासारखं झालंय." आणि एकदा जेवताना ह्यांना म्हणाल्या, "मला एकदा धरणावर ने. मग काही मागणार नाही."

आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सासऱ्यांची मोटरसायकल पडून होती. ती बाहेर काढली आणि जाहीर केलं की हिला शेजारी एक तीन बाजूंनी बंद, वरून उघडी बैठक जोडायची, तिला स्वतःचं चाक, आणि त्यात आई बसणार.

आता हे कोण? तर लोखंडी ग्रिल, गेट आणि जिन्याचे कठडे करणारा माणूस. घरामागेच वर्कशॉप. वेल्डिंगला हात असा, की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये. पण धावणारी वस्तू जन्मात केलेली नाही. ह्यांचं सगळं काम भिंतीला घट्ट बसवायचं. मी म्हटलं, "अहो, साइडकार तयार मिळत नाही का?"

"मिळते. आईच्या मापाची नाही मिळत."

ते खरं होतं. आई तेव्हा चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या आणि एक पाय सरळच ठेवावा लागायचा. शेवटी मीच टेप घेऊन त्यांचं माप घेतलं, बैठक मीच करणार होते म्हणून. त्या सूचना देत होत्या. "पाठीला फोम जास्त घाल. आपल्या खुर्चीत घालतेस ना, तसा. गिऱ्हाइकाला घालतेस तसा नको."

वजनही मिळालं. आई काट्यावर उभ्या राहिल्या, मी वॉकर धरला, ह्यांनी वाकून आकडा बघितला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन तेवढीच वाळू सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरली. त्या गोण्या साइडकारच्या सांगाड्यात मांडल्या, एक खाली, एक वर. म्हाताऱ्या आईंना घेऊन चाचण्या घेता येणार नव्हत्या, म्हणून ही वाळूची आई. खऱ्या आई वॉकर टेकत दारापर्यंत बघायला आल्या.

"मी अशी दिसते?"

"चेहरा नाही जमला," मी म्हटलं, "पण स्वभाव तुमच्यापेक्षा बरा आहे. बोलत नाही."

"मग तिलाच ठेवून घे," आई म्हणाल्या आणि दारातच खुर्ची मागवून बसल्या. त्या दिवसापासून त्यांची बैठक खिडकीतून वर्कशॉपच्या दारात आली. ठिणग्या उडायला लागल्या की तोंड फिरवायच्या, बाकी वेळ लेकाच्या हाताकडे बघत राहायच्या. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

पहिली चाचणी मी विसरणार नाही. ह्यांनी सगळं इतकं नेटकं केलं होतं! काटकोन बघायचा गुण्या लावलेला, ओळंबा सोडलेला, मोटरसायकल सरळ ताठ उभी, साइडकारचं चाक तिला समांतर, एक सूतभर इकडे तिकडे नाही. दारात बसवायचं गेट असतं तर लोकांनी ह्यांचे पाय धुतले असते. हे बसले, वाळूची आई शेजारी, गल्लीत गाडी निघाली. निघाली ती सरळ जाईचना. साइडकारच्या बाजूला ओढत ओढत गेली आणि शेजाऱ्यांच्या गेटवर जाऊन आदळली. गेट ह्यांनीच केलेलं होतं. त्याला ओरखडा नाही. साइडकारचं नाक मात्र चेपलं.

"काम मजबूत आहे तुझं," दारातून आई ओरडल्या.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला धावत आला. ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र, अंगावर मांस नाही म्हणून सगळे त्याला काडी म्हणतात. तो गाडीभोवती फिरला, वाकून बघितलं आणि गटारावर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे माठ्या, हे काय खिडकीत बसवायचंय? शेजारी ओझं आलं की गाडी त्या बाजूला ओढणारच. मोटरसायकल थोडी बाहेर कलती ठेवायची, साइडकारचं चाक किंचित आत वळवायचं. आणि हे सगळं ओझं आत ठेवून लावायचं. ओझं बदललं की पुन्हा लावायचं."

मुद्दाम वाकडं करायचं, हे ह्यांच्या हाताला पटेचना. मी चहा घेऊन गेले तर गुण्या हातात घेऊन नुसते बसलेले. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? मी खांदा तिरकाच कापते. माणसाचं अंग काय चौकोनी असतं का?" तेव्हा कुठे उठले आणि जोडाचे बोल्ट सैल केले.

मग गाडी सरळ धावायला लागली. खरंच सांगते, मला अभिमान वाटला. तोंडावर बोलले नाही, पण बैठकीला निळं रेक्झिन आणलं, महागातलं, आणि पाठीला आपल्या खुर्चीत घालते त्याहून जास्त फोम घातला. ह्यांनी साइडकारला चढायला एक छोटं गेट केलं, कडी-कोयंड्यासकट. सवय जाते का! आता फक्त आईंचं वजन एकदा पुन्हा बघायचं, बोल्ट शेवटचे आवळायचे आणि निघायचं.

आई काट्यावर उभ्या राहिल्या. ह्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा उभी राहा." पुन्हा तेच. वजन चांगलंच उतरलं होतं.

मला दिसत नव्हतं असं नाही. आंघोळ मीच घालायचे. दंडाची कातडी सैल झालेली, झगा खांद्यावरून घसरायला लागलेला. ताटात टाकतात म्हणून मीच कातावत होते, की माझ्या हातचं कधी गोड लागलंय तुम्हाला! पण रोज बघणाऱ्याला कळत नाही म्हणतात, तसं झालं. त्या दिवशी आकड्याने सांगितलं.

ह्यांनी गोणी सोडली, डब्याने वाळू काढली, वर्कशॉपच्या कोपऱ्यात ओतली आणि बोल्ट पुन्हा लावले. आम्ही आईंना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना आणि मला आत बोलावलं आणि सांगितलं, की पोटातलं आहे, पसरलंय, ह्या वयात कापाकापी करून उगाच हाल करू नका. जे मागतील ते खाऊ द्या, जे म्हणतील ते करू द्या.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "म्हातारपणी भूक कमी होतेच. डॉक्टरांना काय, घाबरवायची सवय असते."

आणि तिथून गाडी संपेचना. रंग द्यायचा राहिला. रंग झाला तर पुढची काच. काच झाली तर उन्हाला वरून टप. टपाचा सांगाडा दोनदा कापला, दोनदा जोडला. मी म्हणायचे, "आता न्या की हो एकदा." हे म्हणायचे, "रस्ता खराब आहे, स्प्रिंग बदलतो." आणि मध्ये मध्ये काटा. दर वेळी आईंना उभं करायचं, दर वेळी डबाभर वाळू कोपऱ्यात. एका सकाळी केर काढायला गेले तर तो ढीग माझ्या गुडघ्याला लागला. मी झाडू टाकून तिथेच उभी राहिले. आमची आई थोडी थोडी करून त्या कोपऱ्यात जाऊन पडत होती आणि आम्ही तिच्यावर डबा उपडा करत होतो.

त्याच आठवड्यात ह्यांनी नवा काटा आणला. म्हणाले, जुना बिघडलाय. नव्यानेही तेच दाखवलं, उलट थोडं कमीच. तेव्हा ह्यांनी सिमेंटचं न फोडलेलं पोतं उचलून काट्यावर ठेवलं. पोत्यावर वजन छापलेलं असतं. काट्याने तंतोतंत तेवढंच दाखवलं. ह्यांनी पोतं उतरवलं, काटा कपाटावर टाकला आणि त्यानंतर आईंना कधी वजनाला उभं केलं नाही. साइडकारमधली वाळूही काढली नाही. गाडी एका धडधाकट बाईच्या वजनाला लावलेली तशीच राहिली आणि तशी बाई आमच्या घरात उरली नव्हती.

आईंना हात लावायचंही ह्यांनी सोडलं. आधीही उचलणं, बसवणं माझ्याकडेच होतं, बाईमाणसाचं म्हणून. पण आता औषध द्यायला आले तरी गोळी पलंगाच्या कडेला ठेवून जायचे. वर्कशॉपमधून घासण्याचा आवाज दिवसभर. मला त्या आवाजाचा इतका संताप यायचा! बिचारी बाई आत विझत चाललीय आणि हा माणूस बाहेर पत्र्याला पॉलिश करतोय.

एक दिवस मी अंग पुसत होते तर आईंनी माझं मनगट धरलं. "धरणावर जायचंय गं."

"गाडी व्हायचीय ना आई."

"मला गाडी नकोय," त्या म्हणाल्या. "धरणावर जायचंय. तो नाही नेणार. त्याला भीती वाटते, गाडी झाली की मी जाईन. तूच सांग त्याला. तुला भांडता येतं." आणि म्हणाल्या, "माझ्याशी भांडून भांडून हात बसलाय की तुझा."

मी तशीच ओला टॉवेल घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. हे खाली बसून चाकाच्या तारा पुसत होते. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. आवाज गल्लीत गेला, काडी कोपऱ्यावरून आला एवढं सांगते. "आई मरतेय तुमची!" मी म्हटलं. घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. "तुम्हाला माहितीय, मला माहितीय, तिला माहितीय. आणि तुम्ही तारा पुसताय? कुणासाठी? दहाव्या दिवशी मिरवायला? एक गोष्ट मागितली तिने. एक!"

हे उठले नाहीत. खाली बघूनच म्हणाले, "नेता येणार नाही. गाडी जास्त वजनाला लावलीय. ती बसली तर साइडकार हलकी पडेल. त्या बाजूला वळताना उचलली जाईल. पडेल ती."

"मग लावा की तिच्या वजनाला!"

ह्यांनी मान हलवली. "माझ्याने आता त्यातली वाळू काढवत नाही," म्हणाले. आणि त्यांचा आवाज असा फाटला की माझा राग जिथल्या तिथे बसला.

काडी दारात उभा होता. तो खाकरला. "हलकी नाही चालणार. जड चालेल. जरा ओढेल, सावकाश चालवायची." आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "वहिनी बसल्या तर?"

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी गोण्या बाहेर ओढल्या आणि आत जाऊन बसले. एकट्या आईंच्या मापाची ती बैठक, पण मला आणि आईंना पुरली. आई वॉकर टेकत आल्या, पाठ फिरवली, काडीने एका बाजूने दंड धरला आणि त्या माझ्या मांडीवर बसल्या. मी शाल गुंडाळली, दोन्ही हात त्यांच्या पोटाभोवती धरले. ह्यांनी छोट्या गेटची कडी लावली, तीही आमच्याकडे न बघता.

गाडी निघाली. टप लावलेला नव्हता, काच मी काढायला लावली होती. गल्ली संपून मोठा रस्ता लागला आणि वारा आला. आईंनी तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं. त्यांचे केस माझ्या नाकातोंडात जात होते. एवढ्या वर्षांत मी ह्या बाईला कधी जवळ घेतलं नव्हतं. आंघोळ घातली, उचललं, पुसलं, पण जवळ असं नाही. मला रडू आलं. वाऱ्यात कुणाला कळतंय, म्हणून मी मोकळेपणाने रडले.

"आवळू नकोस एवढं," आई ओरडल्या. "पळून नाही जात मी."

वळणं आली. ह्यांचे खांदे ताठ व्हायचे, गाडी मुंगीच्या पावलाने वळायची, चाक जमिनीवरच राहायचं. "तुझे वडील काय झोकात वळवायचे," आई म्हणाल्या. ह्यांनी ऐकलं, पण मान वळवली नाही.

धरणाच्या भिंतीवर चिटपाखरू नव्हतं. पाणी बरंच खाली गेलेलं. ह्यांनी इंजिन बंद केलं, गाडीला वळसा घालून आमच्याकडे आले आणि कडी काढली. कठडा चार पावलांवर होता, पण वॉकर घरी राहिला होता. गडबडीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी खाली, माझ्या मांडीवर आई, मला उठता येईना.

"उचला की," मी म्हटलं.

हे उभेच.

"अहो, उचला. मी काय उडी मारू?"

तेव्हा ह्यांनी पाय फाकवून टाकले, कंबर खाली घेतली, एक हात आईंच्या पाठीमागे आणि एक गुडघ्याखाली घातला. मी त्यांना हजार वेळा असं बघितलंय. दोन माणसांचं गेट एकट्याने उचलायचं असलं की ते असेच उभे राहतात, श्वास आत ओढून, दात आवळून. उचलण्याआधी ओझं किती ते ह्यांच्या अंगाला कळतं, कधी चुकत नाही. त्यांनी जोर लावला आणि आई इतक्या सहज वर आल्या, की हे दोन पावलं मागे भेलकांडले आणि कठड्यावर जाऊन धपकन बसले. आई त्यांच्या मांडीत.

मी धावले. कुणाला काही लागलं नव्हतं. हे आईंना धरून बसले होते. त्यांनी हात एकदा वर घेतला, एकदा खाली, जोखून बघावं तसं. मग तोंड आईंच्या शालीत घातलं. आणि मग आवाज आला. मी ह्या माणसाला वडील गेले तेव्हाही रडताना ऐकलं नव्हतं.

आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या पाण्याकडे बघत होत्या. बराच वेळ त्यांनी लेकाला रडू दिलं.

"दोन दोन काटे आणलेस," मग म्हणाल्या. "उचलून बघायचं होतंस रे एकदा."

हे "आई, आई" एवढंच म्हणत होते.

"बरं, आता उचललंस ना? मग लगेच खाली ठेवू नकोस," आई म्हणाल्या आणि मला हाताने शेजारी बसायची खूण केली. "तूही बस गं. सारखी काय उभी!"

मी बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.